बाहेरून तेच, आतून वेगळे

“मराठी घेऊन बी.ए. करतेस आणि वार्षिकांकाला लेख कॉम्प्युटरवर देतेस?” असे माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने विचारले. तिचा प्रश्न रास्त आहे. मी काही त्या शास्त्राची विद्यार्थिनी नाही. परंतु गेले वर्षभराहून अधिक काळ मी एक लहानसे संकेतस्थळ चालवते आहे. त्याचा सांगाडा मी स्वतः लिहिला, स्वतःच बिघडवला आणि पुन्हा सरळ केला. या खटाटोपात माझ्या हातून एक चूक झाली. ती अजून टोचते. ती चूक नेमकी कोणती हे सांगायचे तर सांगाडा म्हणजे काय आणि तो आतून बदलणे म्हणजे काय, हे आधी सांगणे भाग आहे. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

बार्शीला एस.टी. स्टँडच्या मागे आमचे शिलाईचे दुकान आहे. अण्णा शिवतात, आई पिको-फॉल करते. दहावीच्या पुढे शिकलेली घरात मी पहिलीच. २०२४ साली प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या सरांनी वर्गाला सांगितले, आपापल्या घरच्या व्यवसायातले शब्द गोळा करून आणा. मी चाळीस शब्द नेले: टीप, धावदोरा, काज, अस्तर, मोरी, बक्रम वगैरे. सर म्हणाले, “आणखी आण.” मग मी अण्णांच्या मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. अण्णांनी कात्री धरायला त्यांच्याकडे शिकली. वय ऐंशीच्या पुढे, नजर गेलेली, पण कापड बोटांत धरले की त्याचा पन्हा सांगत. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत भक्त जी पांढरी बाराबंदी घालतात, ती कशी बेततात हे त्यांनी मला एकतीस मिनिटे समजावून सांगितले. मी ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले. एवढे सगळे वहीत आणि मोबाईलमध्ये पडून राहण्यापेक्षा कोणालाही वाचता-ऐकता यावे, म्हणून संकेतस्थळ.

सुरुवातीला मला सांगाडा वगैरे काही ठाऊक नव्हते. संकेतस्थळाचे पान म्हणजे एक साधा मजकूर असतो. त्यात मधूनमधून खुणा घातलेल्या असतात: हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत विश्वव्यापी जाळ्याची कल्पना मांडली, तेव्हापासून पान म्हणजे मूलतः हेच आहे. मी मामेभावाच्या जुन्या लॅपटॉपवर पहिले पान तयार केले. दुसऱ्या शब्दासाठी त्याचीच नक्कल केली आणि मधला मजकूर बदलला. तिसऱ्यासाठी पुन्हा नक्कल. असे करता करता चौसष्ट पाने झाली. प्रत्येक पानाच्या तळाशी माझे नाव आणि ‘प्रथम वर्ष, कला’ असे लिहिलेले होते.

मी पास झाले आणि घोटाळा सुरू झाला. ‘प्रथम’चे ‘द्वितीय’ चौसष्ट ठिकाणी करायचे! एक संध्याकाळ त्यात गेली आणि तरीही पाच पानांवर मी प्रथम वर्षातच राहिले. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात यावर एक नियम दिलेला आहे: कोणतीही माहिती एकाच ठिकाणी, एकदाच असावी. मला हा नियम पुस्तकातून नव्हे, त्या पाच पानांवरून कळला.

म्हणून मी पायथन या भाषेत नव्वदएक ओळींची आज्ञावली लिहिली. तिचे काम साधे. प्रत्येक शब्दाची एक मजकुराची फाईल, तिच्या पहिल्या तीन ओळींत शब्द, विभाग आणि सांगणाऱ्याचे नाव, खाली अर्थ. दुसरीकडे एक साचा: वर मथळा, खाली माझे नाव, मध्ये रिकामी जागा. आज्ञावली एकेक फाईल उघडते, मजकूर साच्याच्या रिकाम्या जागेत बसवते आणि तयार पान बाहेर काढते. ‘द्वितीय’चे ‘तृतीय’ करायचे झाले तर आता साच्यातला एकच शब्द बदलायचा. यालाच मी सांगाडा म्हणते. जाणकार फ्रेमवर्क म्हणतात. परीक्षेचा फॉर्म असतो ना, तसे हे आहे. क्रम फॉर्म ठरवतो, आपण फक्त रकाने भरतो. सांगाड्यातही कोणते काम केव्हा करायचे हे तोच ठरवतो आणि आपण लिहिलेल्या तुकड्याला त्याची पाळी आली की बोलावतो. जगात असे तयार सांगाडे पुष्कळ आहेत. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये काढलेला ‘जेकिल’ त्यांपैकी एक प्रसिद्ध. तो का वापरला नाहीस, असे मला विचारतात. खरे उत्तर असे, की मला तो बसवता आला नाही आणि नव्वद ओळी लिहिता आल्या.

येथवर ठीक चालले होते. पुढे मला हाव सुटली. वाचकाला रंग बदलता यावा म्हणून काही ओळी घातल्या. पुढेमागे हिंदी-इंग्रजी अर्थ देईन म्हणून तीन भाषांची सोय केली. एक दिनदर्शिका घातली; ती कोणासाठी हे आजही सांगता येणार नाही. अण्णांकडे एक गिऱ्हाईक येते, त्याला शर्टाला चार खिसे लागतात आणि चारही रिकामे असतात. माझे तेच झाले. नव्वद ओळींच्या अकराशे चाळीस झाल्या. त्यांतले एकच फंक्शन तीनशे ओळींचे होते. फाईल वाचणे, क्रम लावणे, साचा भरणे, ध्वनिमुद्रण जोडणे, सगळे त्यातच. एका टोकाला हात लावला की दुसरे टोक निसटे. नवा शब्द घालायचीसुद्धा धास्ती वाटू लागली. पाने तोवर दोनशे चौदा झाली होती.

अशा वेळी जे करतात त्याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे रिफॅक्टरिंग. इलिनॉय विद्यापीठात विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ मध्ये या विषयावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला, आणि गंमत म्हणजे त्याचा विषय सांगाड्यांचे रिफॅक्टरिंग हाच होता. पुढे १९९९ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकाने तो शब्द सर्वतोमुखी केला. अर्थ असा: आज्ञावलीची आतली रचना बदलायची, ती समजायला आणि पुढे बदलायला सोपी करायची, मात्र बाहेरून दिसणारे वागणे जसेच्या तसे ठेवायचे. चूक दुरुस्त करणे म्हणजे रिफॅक्टरिंग नव्हे. नवी सोय घालणे म्हणजेही नव्हे. त्याच पुस्तकात केंट बेक यांचा दोन टोप्यांचा दाखला आहे. नवे काम करताना एक टोपी, आतली आवराआवर करताना दुसरी. दोन्ही एकदम घालायच्या नाहीत.

मी दोन्ही एकदम घातल्या.

जुलै २०२५ मध्ये, तीन रात्री जागून, मी सांगाडा पहिल्यापासून नव्याने लिहिला. लिहिता लिहिता पानांचे पत्ते डोळ्यांत खुपले, तेही बदलून टाकले. याचे कारण मराठीशी निगडित आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. पानाच्या पत्त्यात मी मराठी शब्दच ठेवले होते. काजाच्या पानाचा पत्ता ‘काज’ असाच संपे. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक देतो. त्या क्रमांकांच्या जागतिक योजनेला युनिकोड म्हणतात आणि देवनागरी तिच्यात १९९१ पासून आहे. हे क्रमांक साठवण्याची जी पद्धत सर्वत्र चालते, ती केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक घर लागते, देवनागरी चिन्हाला तीन. पत्ता कुठे उतरवून पाठवला की अशा प्रत्येक घराच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि दोन आकडी-अक्षरी खुणा येतात, म्हणजे एका देवनागरी चिन्हामागे नऊ. ‘काज’मध्ये क, काना आणि ज अशी तीन चिन्हे, झाली सत्तावीस. मास्तरांच्या पानाचा पत्ता ‘मास्तरांचा-आवाज’ असा होता. व्हॉट्सॲपवर पाठवला की त्याचे एकशे सत्तावीस खुणांचे लांबलचक शेपूट होई. पाहणाऱ्याला वाटावे, हे काहीतरी बिघडलेले आहे.

मी ठरवले, आता प्रत्येक पानाला क्रमांक. काज सत्तावीस, मास्तर एकशे तीन. पत्ते सुटसुटीत झाले. पाने उघडून पाहिली; सगळी पहिल्यासारखी दिसत होती. मथळा तोच, रंग तोच, आवाज वाजत होता. बाहेरून तेच, आतून वेगळे, असे मी मनाशी म्हटले आणि झोपले.

ऑगस्टमध्ये मास्तर गेले. दहाव्याला त्यांचे पाहुणे लांबलांबून आले होते. मास्तरांच्या नातवाने आदल्या रात्री पन्नासेक नातलगांना तो पत्ता पाठवला, आजोबांचा आवाज ऐका म्हणून. जुना, एकशे सत्तावीस खुणांचा पत्ता. वर्षभर त्याच्या मोबाईलमध्ये तोच जपलेला होता. ज्यांनी तो उघडला त्यांना ‘४०४’ एवढाच आकडा दिसला. मागितलेले पान सापडत नाही, असा त्याचा अर्थ. मला हे आठ दिवसांनी कळले. नातवाचा फोन आला. आवाजात राग नव्हता. “ताई, ते पान काढून टाकलं का तुम्ही?” इतकेच त्याने विचारले.

पान होते. ध्वनिमुद्रण होते. एकशे तीन क्रमांकावर सुखरूप होते आणि ते तिथे आहे हे माझ्याखेरीज जगात कोणाला माहीत नव्हते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एक टिपण लिहून ठेवले आहे. चांगला पत्ता बदलत नसतो, हा त्याचा विषय. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात, असे त्यांचे म्हणणे. मी ते टिपण नंतर वाचले. आधी वाचले असते तरी उपयोग झाला असता असे नाही, कारण पत्ता हा बाहेरच्या बाजूचा भाग आहे हेच मला उमगले नव्हते. बाहेर म्हणजे डोळ्यांना दिसते ते, अशी माझी समजूत. पण दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये, दुसऱ्याच्या वहीत जे जाऊन बसले आहे तेही बाहेरच. किंबहुना तेच जास्त बाहेर, कारण तिथे माझा हात पोहोचत नाही.

जुना पत्ता त्याच दिवशी चालू केला. एखादे पान हलले असेल तर ‘३०१’ हा आकडा देऊन वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवण्याची रीत आहे. परंतु मी जिथे फुकटात पाने ठेवते तिथे ती सोय मला मिळत नाही. म्हणून जुन्या पत्त्यावर एक छोटे पान ठेवले. ते उघडले की आपोआप नव्या पानावर नेते. हे एका पानाचे झाले. उरलेली दोनशे तेरा तशीच होती, आणि नवा सांगाडाही मी तीन रात्रींत लिहिलेला, म्हणजे जुन्याइतकाच गुंत्याचा. दिवाळीच्या सुट्टीत सगळे परत उसवायचे ठरवले.

तेव्हाचा एक प्रसंग सांगते. रात्री मी दुकानातच लॅपटॉप घेऊन बसले होते. अण्णा एका शाळकरी मुलाची पँट वाढवत होते. गणवेशाच्या पँटच्या मोरीला अण्णा आतून दोन इंच कापड दुमडून ठेवतात. वर्षाने मूल वाढले की टीप उसवून लांबी सोडतात. त्यांनी विचारले, “काय करायलीस एवढ्या रात्री?” मी सांगितले, आतलं सगळं उसवून नव्यानं बसवतेय. म्हणाले, “उसवायच्या आधी खडूनं खुणा केल्यास का?” मी म्हटले, कसल्या खुणा? “गिऱ्हाइकाच्या अंगावर काय बरोबर बसलंय, त्याच्या. नाहीतर उसवल्यावर कसं कळणार तुला, आधी कुठं होतं ते?”

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन खुणा केल्या, म्हणजे बाहेरच्या माणसाच्या दृष्टीने माझ्या संकेतस्थळात काय काय आहे ते लिहून काढले. मजकूर आणि रूप तर होतेच. दोनशे चौदा जुने पत्ते होते, आणि जुलैपासून चालू असलेले दोनशे चौदा क्रमांकांचे पत्तेही होते, कारण मध्यंतरी तेही कोणी जपून ठेवले असतील. ध्वनिफितींचे स्वतंत्र पत्ते होते; नातवाने एक थेट तोच जपला होता. शब्दसूचीचा क्रम होता. यादी दोन पाने भरली. रंग बदलायची सोय कोणी वापरते का, असे दहा-बारा जणांना विचारले. ती आहे हेच कोणाला माहीत नव्हते. दिनदर्शिकेबद्दल विचारायचे धैर्य झाले नाही. या दोन्ही सोयी आणि तीन भाषांचे रिकामे रकाने मी वेगळे काम म्हणून, आवराआवर सुरू करण्याआधीच काढून टाकले.

मग पद्धत अशी ठेवली. आहे त्या सांगाड्याने सगळी पाने तयार करून ती ‘जुने’ नावाच्या कप्प्यात ठेवली. त्यानंतर आत एकच लहान बदल. उदाहरणार्थ त्या तीनशे ओळींतून फाईल वाचण्याचा भाग काढून त्याचे वेगळे फंक्शन. लगेच पाने पुन्हा तयार करायची आणि एकेक पान ‘जुने’मधल्या पानाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे. हे काम कॉम्प्युटर दोन-तीन सेकंदांत करतो. फरक शून्य आला तर तो टप्पा ‘गिट’मध्ये नोंदवायचा. गिट म्हणजे केलेल्या बदलांचा रोजनामा ठेवणारी आज्ञावली. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये लिहिली. चुकले तर मागच्या नोंदीवर परत जाता येते. फरक आला तर पुढे पाऊल नाही.

पहिल्याच सकाळी दोनशे चौदाच्या दोनशे चौदा पानांत फरक आला! मी घाबरले. आदल्या रात्री शून्य होता आणि मधे मी काहीच केलेले नव्हते. तासभर डोके खाजवल्यावर लक्षात आले, की पानाच्या तळाशी ‘पान तयार केल्याची तारीख’ आपोआप छापली जाते आणि रात्री बारा वाजून गेले होते. ताडताना ती ओळ वगळली.

दुसरा फरक जास्त मजेचा. सूचीत ‘ॲप्रन’ हा शब्द दोनदा होता. फार्मसीच्या मुलांचे पांढरे ॲप्रन अण्णा शिवतात, त्यावरून आलेला. एक अ-च्या ओळीत ‘अस्तर’च्या खाली, दुसरा थेट ह-च्याही पलीकडे, सूचीच्या तळाशी. दिसायला दोन्ही अगदी सारखे. शोधता शोधता कळले, की ॲ हे अक्षर दोन प्रकारे टंकता येते: अ लिहून त्यावर चंद्र देऊन, किंवा एकसंध. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला आणि त्याचा क्रमांक ह-च्या पुष्कळ पुढे आहे. मी एक नोंद लॅपटॉपवर केली होती, दुसरी मोबाईलवर. माणसाला एक वाटणारी गोष्ट कॉम्प्युटरला दोन वाटत होती. क्रम लावणारा भाग मी नव्याने मांडताना दोन्ही रूपे एक धरली, म्हणून ताळा जुळेना.

आता मोह असा होता, की हे चुकीचेच आहे तर लगे हात सुधारावे. जुलैमध्ये मी सुधारले असते. या खेपेस मात्र वहीत ‘ॲप्रन’ असे लिहून ठेवले, सूची होती तशीच चुकीची राहू दिली आणि फरक शून्यावर आणला. आवराआवर पुरी झाल्यावर, वेगळ्या दिवशी आणि वेगळी नोंद करून ती चूक दुरुस्त केली. हट्टीपणा वाटेल, पण त्यामुळे कोणता फरक मी मुद्दाम केला आणि कोणता हातून झाला, हे निदान सांगता येते.

सहा दिवसांत एकोणीस टप्पे झाले. तीनशे ओळींच्या फंक्शनचे सात लहान तुकडे झाले. सगळ्यात मोठा चाळीस ओळींचा. अकराशे चाळीस ओळींच्या चारशे दहा उरल्या. काही टप्पे कंटाळवाणे होते आणि त्यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. शेवटी मूळ मराठी पत्ते पुन्हा मुख्य केले आणि क्रमांकांच्या पत्त्यांवर वाट दाखवणारी छोटी पाने ठेवली. शेपूट लांब तर लांब. या सर्व चारशे अठ्ठावीस पत्त्यांची यादी आता सांगाड्याजवळच असते. पाने तयार झाली की तो यादी तपासतो आणि एक जरी पत्ता गायब असेल तर काम थांबवून त्याचे नाव सांगतो. डिसेंबरमध्ये त्याने मला एकदा थांबवले. ‘धावदोरा’च्या फाईलचे नाव मी शुद्धलेखन सुधारण्याच्या भरात बदलले होते.

मास्तरांच्या नातवाला दिवाळीनंतर फोन केला. त्याला सांगाडा, पत्ते हे काही सांगितले नाही. पान चालू आहे आणि आता हलणार नाही, इतके सांगितले. दहाव्याला ज्यांनी उघडले होते त्यांपैकी किती जणांनी पुन्हा उघडून पाहिले असेल, हे मला विचारवले नाही.

सूचीत एक दोष अजून आहे. आपल्या वर्णमालेत ळ ह-नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र तो ल आणि व यांच्या मध्ये आहे, त्यामुळे ‘गळा’ हा शब्द जिथे शोधाल तिथे सापडत नाही. वहीत लिहून ठेवले आहे. विद्यापीठाची परीक्षा झाली की त्याला हात घालीन.